विमलताईच्या हातातलं वजन

विमलताई कुणाच्याही घरात शिरली की आधी काहीतरी उचलायची. पाळण्यात पोर असलं तर पोर. नसलं तर भोपळा, तांदळाचं गाठोडं, उंबऱ्यावरची कोंबडी, जे हाताला येईल ते. दोनदा वरखाली झुलवायची, डोळे बारीक करायची आणि वजन सांगायची. मग बसायची. मग चहा.

कुणी विचारलेलं नसायचं. तरी सांगायची.

आता ती गेली, तर लोक म्हणतात ताईचा अंदाज कधी चुकला नाही. खोटं आहे. पोरांच्या बाबतीत सहसा चुकायची नाही, पण बोकडापाशी हमखास आपटायची. कामशेतच्या बाजारात एकदा तिनं खाटकाचा बांधलेला बोकड सोडून कवेत घेतला. माणसं गोळा झाली. बोकडानं तिचा चष्मा पाडला, पदर चावला, आणि ताईनं सांगितलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांची काही गाठ पडेना. खाटीक हसायला लागला तर ही त्याला म्हणते, "तुजा काटा तपासून घे. बोकड खोटं बोलत न्हाई, मी बोलत न्हाई, मग राहिलं कोण?"

"मावशी, आधी बोकड ठेवा खाली."

"ताई म्हण."

मावशी म्हटलेलं तिला चालायचं नाही. आजी म्हटलं तर त्या माणसाचं काही खरं नाही. नोकरी संपली, केस पांढरे झाले, नातवंडं झाली, तरी ती ताईच. मी तिच्याहून वयानं पुष्कळ मोठा, मीसुद्धा ताईच म्हणायचो. अगंतुगं करायचो, पण ताई.

आमच्या बेडश्याच्या अंगणवाडीत तिचा सगळा जन्म गेला. मधल्या खोलीच्या वाशाला दोर, दोराला टांगता काटा, काट्याला कापडाची झोळी, झोळीला पाय बाहेर काढायला दोन भोकं. पोर झोळीत घातलं की गावाला ऐकू जाईल असं बोंबलायचं. मग कार्डावर टिंब. ह्या महिन्याचं टिंब मागच्या टिंबाला जोडून रेघ. रेघ हिरव्या पट्ट्यात असली की ताई त्या पोराच्या आईला स्वतःच्या हातानं चहा पाजायची. पिवळ्यात घसरली की संध्याकाळी ताई त्यांच्या ओट्यावर. लाल पट्टीत गेली तर ताई तिथून उठायचीच नाही.

एका म्हातारीनं नातवाला अंडं द्यायचं नाही असं धरलं होतं, उष्ण पडतं म्हणून. ताई पिशवीत अंडी घेऊन गेली, त्यांच्याच चुलीवर उकडली, आणि म्हातारीशी भांडत भांडत पोराला भरवली. म्हातारी भांडून दमली, पोरगं खाऊन झोपलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. ते पोरगं आज लोणावळ्याला टेम्पो चालवतं आणि आमच्या घरात यायचं तर चौकटीखाली वाकतं. ताई ते दिसलं की भर रस्त्यात ओरडायची, "रेघ वर गेली ना?" तो बिचारा गिऱ्हाइकासमोर लाजायचा.

रेघ वर गेली पायजे. हा तिचा एकच मंत्र. पोराला तोच, भाताच्या रोपाला तोच, बारावीच्या निकालाला तोच.

आता माझ्या घरी ती आली तेव्हा तिनं काय उचललं, ते सांगतो. सगळी गोष्ट तिथून पुढं आहे.

माझी बायको पारू लोणावळ्याच्या बंगल्यांवर भाजी घेऊन जायची. एका माळ्यानं तिला कुत्र्याचं पिल्लू दिलं. आई परदेशी जातीची, वासराएवढी. बाप तुंगार्लीतला कुणीतरी मोकाट. पारूनं ते भाजीच्या रिकाम्या पाटीत घालून आणलं आणि नाव ठेवलं ढाण्या. मला म्हणाली, "हा मोटा झाला की मी ह्याच्यासंगं लेण्याला जाईन. तुमी गुडघा धरून बसा हितंच." आमच्या डोक्यावर डोंगरात बेडश्याची लेणी आहेत, दगडी पायऱ्या आहेत, आणि लग्न झाल्यापासून ती मला वर चला म्हणत होती. मग ती आजारी पडली, आणि ते पिल्लू पाटीत मावत होतं तोवर गेली. ह्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

दहावा झाला. लोक यायचे, बसायचे, "आपल्या हातात काय हाय" म्हणायचे आणि जायचे. ताई आली ती सरळ कोपऱ्यात गेली. पोत्यावर ढाण्या पडला होता. तिनं उचलला, झुलवला, डोळे बारीक केले.

"लय हलकं हाय, आबा. ह्याला खायला कोण घालतंय?"

"पारू घालायची."

"आन आता?"

ती ढाण्याला पोटाशी धरून उभीच. रडली नाही, माझं सांत्वन केलं नाही. म्हणाली, "उद्या काटा घेऊन येते," आणि चहा न घेता गेली. ताई चहा न घेता गेली म्हणजे प्रकरण गंभीर.

सरकारनं अंगणवाडीला आकडे दाखवणारा नवा काटा दिला तेव्हा जुना टांगता काटा अडगळीत पडला होता. तो तिनं घरी नेला होता. खोबरेल लावून, पुसून, ठेवलेला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारच्या आंब्याला लटकला. झोळी तीच. ढाण्याचे मागचे दोन पाय भोकातनं बाहेर, पुढचे दोन काठावर, तोंड तहसीलदारासारखं. आळीतल्या बायका जमल्या. ताईनं काटा वाचायला मान पुढं केली आणि ढाण्या मुतला. सरळ तिच्या पदरावर.

ताई हलली नाही. काट्यावरची नजर काढली नाही. "हे एवढं वजनातनं गेलं," म्हणाली, "मोजताना धरा कुणीतरी."

बायका हसून हसून खाली बसल्या. पारू गेल्यापासून माझ्या अंगणात कुणी हसलं नव्हतं. मीही हसलो, आणि मग आत गेलो जरा.

बाहेर आलो तर ताई चुलीतला कोळसा घेऊन माझ्या पांढऱ्या भिंतीवर टिंब काढत होती.

तिथून आमच्या आळीत जत्रा सुरू झाली. दर आठवड्याला वजन. बायका शेतातली भांगलण टाकून यायच्या. कोण म्हणायचं इतकं भरेल, कोण म्हणायचं तितकं, आणि ताई आधी उचलून आपला आकडा सांगायची, मग झोळी. टिंबाला टिंब जोडून भिंतीवरची रेघ खिडकीपर्यंत गेली. ताईनं घराघराला वार नेमून दिले. आज ह्यांच्याकडनं दूधभात, उद्या त्यांच्याकडनं नाचणीची पेज, परवा अंडी. अंगणवाडीत करायची तशी सुकडी ती स्वतः भाजून आणायची, गूळ जरा जास्तच. बाळंतिणींना देतात त्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून भाकरीत घालायची. "हाडं लोखंडावानी झाली पायजेत," म्हणायची. ढाण्या खायचा, झोपायचा, उठून परत खायचा. झोळीचं कापड फाटलं. मग बटाट्याच्या पोत्यात वजन. पोतंही पुरेना तेव्हा आम्ही भातगिरणीतल्या मोठ्या काट्यावर जायला लागलो. तिथं ढाण्या एकटा उभा राहीना, म्हणून ताईनं युक्ती काढली. आधी मी एकटा चढायचं. मग ढाण्याला कवेत घेऊन चढायचं. ताई वजाबाकी करायची आणि गिरणीतल्या गर्दीला ओरडून निकाल सांगायची.

"वाघ हाय का रेडा?" गिरणीवाला विचारायचा.

"तुज्यापेक्षा बरा दिसतोय," ताई म्हणायची.

खरंच दिसायचा. गळ्याखाली वळी, पाठ खाटेसारखी सपाट, चालला की अंग डावीउजवीकडं हलायचं. बघणारा म्हणायचा, काय पोसलाय. ताईची मान ताठ व्हायची. नोकरीत असताना तिच्या हातनं एवढी सरळ, एवढी उभी रेघ कधी गेली नव्हती.

एकदा मी त्याला लेण्याच्या वाटेवर घेऊन गेलो. पहिल्या थोड्या पायऱ्या चढला. मग वळणावर बसला. ओढला तर कण्हला. मला वाटलं दमला. पण परत न्यायला लागलो तेव्हा समोरून नीट बघितलं. पुढचे दोन्ही पाय मनगटापाशी वाकले होते. पंजे बाहेर फाकलेले, भाकरीसारखे पसरलेले. एवढं अंग त्या पायांना पेलत नव्हतं.

ताईला दाखवलं. ती खाली बसली, पाय चाचपले. "शक्ती कमी पडतीय," म्हणाली. "अंडं वाढवू."

मी म्हणालो, "ताई, डॉक्टरला दाखवू."

"दाखवा. तो बी हेच सांगंल."

टेम्पोवाल्या पोरानं आम्हाला लोणावळ्याला नेलं. जनावरांची डॉक्टर एक तरुण बाई होती. तिनं ढाण्याला टेबलावर चढवायला सांगितलं तर आम्हा दोघांच्यानं उचलेना. मग तीच खाली जमिनीवर बसली. पाय बघितले, कंबर बघितली, पाठीवरनं हात फिरवला.

"काय खायला देता ह्याला, आजी?"

"ताई," ताई म्हणाली. "मागंल ते देतो."

"तो मागतच राहणार. पिल्लं थांबत नाहीत. आणि हा मोठ्या जातीचा आहे, ह्याची हाडं वर्ष उलटून गेलं तरी वाढत राहतात. हाडं अजून कोवळी आणि अंग मोठ्या कुत्र्याचं, मग पाय वाकणारच. आणखी काही देता? गोळ्या वगैरे?"

ताईनं अभिमानानं कॅल्शियमचं सांगितलं.

"आजपासून बंद. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरनं कॅल्शियम दिलं की हाडं उलट बिघडतात. खाणंही कमी करायचं. एकदम नाही, हळूहळू. दिवसातनं तीनदा, मोजून, आणि मध्ये काही नाही."

"कमी?" ताई म्हणाली. "बाई, माझी सगळी नोकरी गेली ह्यात. कुणाची रेघ वर गेली म्हणून मला कुणी वरडलं न्हाई."

"माणसाच्या बाळाला तुमचं बरोबर आहे. हा हळू वाढला तर नीट वाढेल. मोठा तेवढाच होईल, जरा उशिरा."

"मग किती वजन पायजे ते सांगा. मी काट्यावर आणून दावते."

डॉक्टर हसली. "काटा काय म्हणतो ते मला नको. ह्याचा बाप कोण माहीत नाही, मग आकडा कुठला सांगू? तुमचा हात काय म्हणतो ते सांगा. हात द्या."

आणि तिनं ताईचा हात घेतला. जिचा हात घरोघरी पोरं उचलून कसलेला, तिचा. आधी मूठ वळायला लावली आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या मुठीच्या गाठींवरनं फिरवायला सांगितली. "बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं रोड." मग तळहात उघडायला लावला, त्याच्यावरनं बोटं. "अशा लागल्या, म्हणजे हाड शोधावं लागलं, तर जाड." मग हात पालथा, सरळ धरलेला. "आणि अशा, पातळ कातडीखाली प्रत्येक हाड हाताला लागतंय पण टोचत नाही, तर बरोबर. वरनं बघितलं तर बरगड्यांच्या मागं कंबर दिसली पाहिजे. बाजूनं बघितलं तर पोट वर गेलेलं. आता ह्याला हात लावा."

ताईनं ढाण्याच्या कुशीला हात लावला. बराच वेळ लावला. मग स्वतःच्या तळहाताला लावला. परत ढाण्याला.

"पाय सरळ होतील का? लेण्याचा डोंगर चढायचा हाय त्याला," मी विचारलं.

"कोवळा आहे तोवर आशा आहे. लगेच सुरुवात करा. उड्या नको, पायऱ्या नको, सपाटीवर हळूहळू फिरवा. नाहीतर डोंगर विसरा."

येताना टेम्पोत ताई आपलाच तळहात चाचपत बसली. माझ्या दारात उतरली, भिंतीवरची रेघ बघितली आणि घरी गेली. आणि आलीच नाही. मला वाटलं, रुसली. बायका विचारायला लागल्या, ताईला बरं नाही का? मी पातेल्यातला भात कमी करून ढाण्याला घालत होतो आणि तो ताटली चाटून चाटून अंगणभर सरकवत होता.

मग एका सकाळी आली ती घाम पुसत आणि डोळे चमकत. "आबा, पाटलाचं काळं कुत्रं मूठ हाय. शाळेपाशी बसती ती पांढरी तळहात. किराणावाल्याचं तर तळहाताच्या पलीकडं, त्याला हाडंच न्हाईत. सगळ्या गावात एकच कुत्रं पालथ्या हाताचं निघालं, ते मेंढक्यांचं, आन ते तर गावातलं बी न्हाई." सगळ्या बेडश्यातली कुत्री चाचपून आली होती. एकानं चावायचा प्रयत्न केला, तो तिनं "मुठीतलं हाय, चिडकं असणारच" म्हणून माफ केला.

तिथून ताई पेटली. पूर्वी पेटायची त्याच्या दुप्पट. गावात तिची हातखूणच झाली. रस्त्याच्या पलीकडनं माझ्याकडं भुवई उडवायची, म्हणजे ढाण्या कसा? मी तळहात दाखवायचो, म्हणजे अजून जाड. ती मान हलवायची. हळूहळू सगळं गाव त्या खुणा करायला लागलं. नवी सून आली की बायका पदराआडनं एकमेकींना मूठ दाखवायच्या. गिरणीवाल्याला तर लहान पोरंसुद्धा तळहात दाखवून पळायची.

आणि जेवढं तिनं भरवायला शिकवलं तेवढं आता ती हिसकावून घ्यायला लागली. एक बाई सवयीनं दूधभात घेऊन आली.

"ताई, तूच तर वार दिलावता."

"दिलावता. आता काढून घेतला. ह्याच्याउपर कुणी ह्याला घास टाकला तर मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसंन."

ती काय बसते हे गावाला माहीत होतं. दूधभात परत गेला.

पण तिला सोपं जात नव्हतं. वाटी मोजायची ती, ताटलीत ओतायची ती, आणि ढाण्यानं खाऊन वर बघितलं की तोंड फिरवून बसायची. ढाण्या येऊन तिच्या पाठीला डोकं लावायचा. ती भिंतीकडं बघून बोलायची, "मी जन्मात कुणाच्या पुढनं ताट वडलं न्हाई, आबा. हे मला करायला लावताय तुमी."

"मी कुटं लावतोय? ती डॉक्टरीण लावतीय."

"मग तिच्या पाठीला डोकं लाव म्हणावं त्याला."

एवढं करूनही हात सांगत होता, उतरायला पाहिजे तसा उतरत नाही. ताई चिडली. हातावर भरवसा होता, पण जुनी खोड, काट्याशिवाय राहवेना. गिरणीत गेलो. मी एकटा चढलो, उतरलो. ढाण्याला घेऊन चढलो. आता त्याला एका दमात उचलणं मला जमेनासं झालं होतं. ताई वजाबाकी करायला लागली आणि मध्येच थांबली.

"आबा, परत चढा. एकटे."

चढलो. तिनं काटा वाचला. गिरणीवाल्यानं विचारलं, "काटा बिघडलाय का?"

"काटा न्हाई."

बाहेर आल्यावर तिनं मला वरनं खालपर्यंत बघितलं, पोरं बघायची तसं. माझ्या धोतराला सुतळी बांधली होती, ती बघितली. इतके दिवस तिनं वजाबाकीचा निकाल धरला होता. माझ्या एकट्याचा आकडा खाली खाली येत होता तिकडं तिचंही लक्ष नव्हतं आणि माझंही.

"तुमचं जेवण कोण खातंय?"

"मला जात न्हाई घशाखाली. टाकतो ढाण्याला."

"म्हंजे मी हिकडनं वाटीनं मोजती आन तुमी तिकडनं ताट वतताय."

"व्हय."

"बरं," ताई म्हणाली. तिचं 'बरं' वाईट असायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःचा डबा घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. ती बौद्धांची, आम्ही कुणबी. माझ्या आईच्या काळात तिनं आमच्या ओट्यावर डबा उघडला नसता आणि आमच्यांनी उघडू दिला नसता. हे खरं आहे ते लिहितो. तिनं डबा उघडला, माझ्यापुढं ताट मांडायला लावलं, आणि ढाण्याची भरलेली वाटी माझ्या ताटामागं ठेवली, त्याच्या तोंडाला येणार नाही अशी.

"आजपासून पयलं तुमचं ताट साफ, मग त्याची वाटी. तुमी जेवला न्हाई तर तो उपाशी."

"हा कसला कायदा, ताई?"

"माझा."

ढाण्या समोर बसला. मी घास घेतला की त्याची मान वर, खाली ठेवला की मान खाली. मी थांबलो की तो एक बारीक आवाज काढायचा. पुढच्या पायांवर वजन न देता, जरा तिरका बसायचा बिचारा. आता असं डोळ्यात बघत बसलेल्या जनावराला उपाशी ठेवणार कोण? मी खाल्लं. शेवटचा घास गिळला की ताई वाटी पुढं करायची. ढाण्याला आठवड्यात कायदा कळला. मग तर मी जेवायला उशीर केला की तो माझं धोतर ओढून चुलीपाशी न्यायचा. ताई म्हणायची, "बघा, अंगणवाडी सेविका तयार केली मी."

असं करत करत ढाण्याची वळी गेली. एक दिवस वरनं बघितलं तर बरगड्यांच्या मागं अंग आत गेलेलं दिसलं. मी पळत, म्हणजे माझ्या गुडघ्यानं जेवढं पळवतं तेवढं, ताईच्या घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी दारातनंच म्हणालो, "कंबर." तिनं सूप टाकलं, तांदूळ सांडले, आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं रस्त्यानं पळत सुटलो. तिनं डोळे मिटून ढाण्याच्या कुशीवर हात फिरवला. मग हात पालथा करून माझ्यापुढं धरला.

पंजे अजून थोडे बाहेर होते. पण मनगट उभं होतं. लोणावळ्याच्या डॉक्टरनं बघितलं आणि म्हणाली, आता चढवून बघा, हळू.

मग ताईनं दिवस ठरवला. आळीतल्या बायका आल्या, टेम्पोवालं पोरगं आलं. ताई दर बुद्धपौर्णिमेला लेणी चढायची, माझ्यापेक्षा भरभर. त्या दिवशी पायथ्याच्या दगडावर बसली. "मी हितनं बघते. वरनं काय दिसणार हाय, त्याची शेपटी?" तिला धाप लागली होती. मला वाटलं, पळापळीनं.

ढाण्या निघाला. मी मागं. मागच्या वेळी बसला होता त्या वळणावर आला आणि थांबला. पुढचा पाय उचललेला, तसाच हवेत. मनात म्हणालो, बसलास तर बस, मी तुला ओढणार नाही, पण पारूला काय सांगू ते तूच सांग. आणि खालनं ताईचा आवाज आला, फाटका, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा, "रेघ वर, ढाण्या!"

त्यानं पाय टेकवला आणि चढला. दोन दोन पायऱ्या घ्यायला लागला. मी हळू म्हणतोय आणि तो वर. मी गुडघा विसरलो. वरच्या लेण्यात, त्या उंच खांबांच्या मधनं तो आत शिरला आणि भुंकला. दगडातनं भुंकणं परत आलं. तो त्याच्यावर भुंकला. ते परत आलं. मी खांबाला हात लावून उभा राहिलो. पारू, आलो बघ, म्हणालो. गुडघा धरून बसलो नाही.

कठड्याशी येऊन खाली बघितलं तर ताई शेंगदाण्याएवढी दिसत होती. मी हात पालथा करून वर धरला. तिनंही धरला.

आता एवढं सगळं झालं आणि एक गोष्ट आमच्यातल्या कुणाच्या ध्यानात आली नाही. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डबा आणायची, पण उघडून झाकण परत लावायची. मी विचारलं तर म्हणाली, "ढाण्यासंगं मी बी वाटीनं खाती." हसलो आम्ही. सगळ्या गावाला उचलून बघणारी बाई, तिला कुणी उचलून बघितलं नाही.

तिचा मुलगा देहूरोडला डेपोत आहे. तो न्यायला आला. पोटातलं दुखणं होतं, मोठ्या दवाखान्यात दाखवायचं होतं. ती परत आली नाही. पण मला दवाखाना ठाऊक नाही, मी तिथं गेलो नाही. मला ठाऊक आहे ती मोटरसायकलवर बसलेली ताई.

सकाळची वेळ. मुलानं गाडी सुरू केली, ताई मागं एका अंगावर बसली, पिशवी मांडीवर. माझ्या दाराशी गाडी थांबवायला लावली. ढाण्या धावत गेला. तिनं वाकून दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले, उचलायला. हात तसेच राहिले. मग नुसताच कुशीवरनं हात फिरवला आणि मुलाला म्हणाली, "चल."

गाडी निघाली आणि ढाण्या तिच्या बाजूनं पळायला लागला. काय पळाला. सगळ्या आळीनं बघितलं. पाय सरळ, पोट वर, कंबर आत, कान मागं पडलेले. ताई मान मोडून त्याच्याकडंच बघत होती, माझ्याकडं नाही. शाळेच्या वळणाच्या अलीकडं तिनं मागं वळून मला शोधलं. गाडीच्या आवाजात काही ऐकू येणार नव्हतं. तिनं ढाण्याकडं बोट केलं आणि हात पालथा धरला. मग माझ्याकडं बोट केलं, मूठ दाखवली आणि ती मूठ तोंडाकडं नेली. म्हणजे, तुमी अजून रोडच, जेवा.

मी तिच्याकडं बोट केलं. आणि मूठ वळून वर धरली.

तिनं बघितली. हसली, आणि आपला हात पदराखाली घेतला, झोळीत बसायला नको म्हणणाऱ्या पोरासारखा. गाडी वळणावरनं गेली. ढाण्या तेवढा परत येताना दिसला.